करार म्युनिकचा, खुर्ची हिंजवडीत : भांडणाला कायदा कोणाचा?

प्रश्न : मी हिंजवडी फेज 2 मध्ये एका जर्मन कंपनीच्या पुणे शाखेत काम करतो. पगाराची स्लिप पुण्याच्या शाखेची आहे, पण रुजू होताना एका वेगळ्या करारावर सही घेतली, आणि तो थेट म्युनिकच्या मूळ कंपनीशी आहे. त्यात लिहिलंय की नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, आणि ‘या कराराला जर्मन कायदा लागू राहील’. उद्या भांडण झालंच, तर पुण्याचे न्यायाधीश जर्मन कायद्याने निकाल देणार का? त्यांना तो माहीत कसा असणार? आणि कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे मुळात ठरवतं कोण?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. ज्या कोर्टापुढे दावा येतो तेच कोर्ट हे ठरवतं, आणि तेही आपल्याच देशाच्या नियमांनी. ‘हा वाद भारताचा, तो जर्मनीचा’ असं वाटप करणारी कोणतीही यंत्रणा देशांच्या वर बसलेली नाही. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय सरकारांमधले तंटे ऐकतं; तुमच्या रिलीव्हिंग लेटरशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे एकच भांडण पुण्यात लढलं तर एक कायदा आणि म्युनिकमध्ये लढलं तर दुसरा, असं खुशाल होऊ शकतं. मोठ्या कंपन्यांचे वकील मूळ मुद्द्याला हात लावण्याआधी वर्ष-वर्ष फक्त ‘कोर्ट कुठलं’ यावर भांडतात, त्याचं कारण हेच.

युरोपीय संघाने करारांपुरते हे नियम एका कायद्यात बांधले आहेत. ‘रोम 1’ नावाची ही नियमावली 17 डिसेंबर 2009 पासून लागू आहे. भारतात तसा एकत्रित कायदा नाही. आपले नियम निकालांमधून घडले, आणि बरेचसे इंग्लंडच्या कोर्टांकडून आले. मूळ सूत्र सोपं आहे : करार करणाऱ्यांनी कायदा निवडला असेल तर तो, निवडला नसेल तर कराराचं सगळ्यात जवळचं आणि खरंखुरं नातं ज्या देशाशी आहे तिथला. सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन आणि सिंगर कंपनी यांच्या वादात हे स्पष्ट केलं. तिथे लवादाचा निवाडा लंडनमध्ये झाला होता, पण उभयपक्षी करार भारतीय कायद्याखाली होता. म्हणून लंडनचा निवाडाही भारतीय कायद्याच्या कक्षेत धरला गेला. कायदा लिहिलेलाच नसेल तेव्हा कोर्ट करार कुठे झाला, काम कुठे व्हायचं होतं, पैसे कोणत्या चलनात, दोघांचा व्यवसाय कुठे, हे सगळं तपासून बघतं.

निवडीचं हे स्वातंत्र्य किती ताणता येतं, याचं जुनं उदाहरण मासळीचं आहे. न्यूफाउंडलंडहून न्यूयॉर्कला हेरिंग मासळी घेऊन निघालेलं नोव्हा स्कोशियाचं जहाज वाटेत किनाऱ्याला लागलं आणि माल खराब झाला. कागदावर कायदा लिहिला होता इंग्लंडचा. इंग्लंडचा त्या मासळीशी काही संबंध नव्हता, तरीही 1939 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती निवड मान्य केली. अट एवढीच की निवड प्रामाणिक हवी, कायदेशीर हवी, आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी.

तुमचा करार नेमका या शेवटच्या अटीवर अडकतो.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 27 म्हणतं की कोणालाही कायदेशीर धंदा, व्यापार किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नका, हे सांगता येतं. नोकरी संपल्यावर तसं बंधन आपली कोर्टं मानत नाहीत. मग ‘पण करार तर परदेशी कायद्याखाली आहे’ असं म्हटलं तर? हा प्रश्न 1980 च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. टाप्रोग्गे ही जर्मन कंपनी आणि आयएईसी इंडिया ही भारतीय कंपनी यांच्यातला तो वाद. करार संपल्यानंतरही स्पर्धा करायची नाही असं बंधन होतं, आणि जर्मन कायद्याचा आधार घेतला जात होता. उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. परदेशी कायद्यात ते बंधन चालत असेल, पण भारतात बसून भारतीय कोर्टाने ते अमलात आणायचं, हे आपल्या सार्वजनिक धोरणात बसत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : पुण्याचं कोर्ट तुमच्या करारातली जर्मन कायद्याची निवड इतर बाबतीत मानू शकतं, पण ‘वर्षभर घरी बसा’ हे कलम त्या निवडीच्या जोरावर तुमच्यावर लादणार नाही.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. कलम 27 मुळात भारतीय डोक्यातून निघालेलं नाही, इंग्रजीही नाही. न्यूयॉर्कचा वकील डेव्हिड डडली फील्ड याने आपल्या राज्यासाठी दिवाणी संहितेचा मसुदा लिहिला होता. आपल्या कायद्याने ते कलम तिथून उचललं. न्यूयॉर्कने तो मसुदा कधी स्वीकारलाच नाही. कॅलिफोर्नियाने मात्र स्वीकारला, आणि तोही 1872 सालीच. म्हणून सिलिकॉन व्हॅलीतला इंजिनिअर आणि हिंजवडीतला इंजिनिअर नोकरी सोडून थेट समोरच्या इमारतीत रुजू होऊ शकतो, तो एकाच मसुद्याच्या आधारावर. फेज 1 ची कंपनी सोडून फेज 3 च्या कंपनीत जाणाऱ्यांना याची कल्पना नसते, पण फायदा रोज मिळतो.

जर्मन कायदा मात्र आपल्यासारखं थेट ‘नाही’ म्हणत नाही. तिथल्या व्यापारी संहितेच्या कलम 74 आणि त्यापुढच्या कलमांप्रमाणे अशी बंदी घालता येते, जास्तीत जास्त दोन वर्षं. पण त्या काळात कर्मचाऱ्याला शेवटच्या वेतनाच्या निदान निम्मी भरपाई द्यावी लागते. भरपाईचं वचनच नसेल तर बंदी बाद. तेव्हा तुमचा करार पुन्हा काढून बघा. त्यात भरपाईचा उल्लेख नसेल, तर ते कलम भारतीय कायद्याने टिकत नाही आणि कंपनीने स्वतः निवडलेल्या जर्मन कायद्यानेही टिकत नाही. माझा अंदाज असा की बऱ्याच कंपन्यांनी हा मजकूर कुठल्यातरी तिसऱ्या देशाच्या नमुन्यावरून उतरवलेला असतो आणि खाली फक्त देशाचं नाव बदललेलं असतं.

सेवेच्या बाँडची गोष्ट वेगळी आहे, ती यात मिसळू नका. ठरावीक काळ नोकरी केली नाही तर अमुक रक्कम भरावी लागेल, अशी अट कलम 27 ने आपोआप रद्द होत नाही. विजया बँकेच्या तीन वर्षं आणि दोन लाख रुपयांच्या बाँडची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली. आणि प्रॉव्हिडंट फंड, प्रसूती रजा, लैंगिक छळाविरुद्धचं संरक्षण या गोष्टी इथल्या आस्थापनेत काम करणाऱ्याला इथल्याच कायद्याने मिळतात. करारात जर्मनी लिहा की जपान, त्या कमी होत नाहीत. युरोपातही तसंच आहे. रोम 1 च्या आठव्या कलमाने सांगितलंय की कायद्याची निवड करून कर्मचाऱ्याला त्याच्या नेहमीच्या कामाच्या ठिकाणचं हक्काचं संरक्षण काढून घेता येत नाही.

आता न्यायाधीशांना जर्मन कायदा कसा माहीत असणार? नसतो, आणि असावा अशी अपेक्षाही नाही. भारतीय कायदा न्यायाधीशांना माहीत आहे असं धरलं जातं. परदेशी कायदा मात्र इतर कोणत्याही वस्तुस्थितीसारखा पुराव्याने सिद्ध करावा लागतो. अपघात झाला तेव्हा सिग्नल लाल होता की हिरवा हे जसं साक्षीदार आणून सांगतात, तसं जर्मनीत कलम 74 चा अर्थ काय लावतात हे तज्ज्ञ आणून सांगायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 39 परदेशी कायद्याबद्दल तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरतं. आधीच्या 1872 च्या कायद्यात हेच कलम 45 होतं. हे काम खर्चाचं आहे. जर्मन वकिलाचं मत, भाषांतर, मग त्याची उलटतपासणी. आणि समोरच्या बाजूने दुसरा तज्ज्ञ उलटं सांगणार, हे ठरलेलंच.

ज्याला परदेशी कायद्याचा फायदा हवा त्यानेच तो कैफियतीत नेमका मांडायचा आणि सिद्ध करायचा. सोनिया गांधींच्या 1999 च्या अमेठीतल्या निवडीला आव्हान देणाऱ्या अर्जांत इटलीच्या नागरिकत्व कायद्याचा आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली सांगितलं की परदेशी कायदा ही वस्तुस्थितीची बाब आहे. तो काय आहे हे अर्जात नीट मांडलंच नसेल तर नुसत्या मोघम विधानावर खटला चालत नाही. आणि सिद्ध झालाच नाही तर? मग कोर्ट सहसा भारतीय कायदाच लावून मोकळं होतं. करारात परदेशी कायदा लिहिलेले कितीतरी दावे प्रत्यक्षात असेच आपल्या नेहमीच्या कायद्याने निकाली निघतात, कारण तो मुद्दा उठवण्याचा खर्च दोन्ही पक्षांना नको असतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते : करारात कोर्टाचं कलम काय आहे? ‘जर्मन कायदा लागू’ आणि ‘वाद फक्त म्युनिकच्या कोर्टात’ ही दोन वेगळी कलमं आहेत. तिसरं असतं लवादाचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 नुसार प्रतिवादी राहतो तिथे किंवा वादाचं कारण घडलं तिथे दावा लावता येतो. म्हणजे तुमच्यावरचा दावा पुण्यात चालायला हरकत नाही. पण करारात एकाच कोर्टाचं नाव बांधून दिलं असेल तर आपली कोर्टं ते सहसा पाळायला लावतात. एका खासगी बँकेच्या कर्मचाऱ्यांनी पाटणा आणि दिल्लीत लावलेल्या दाव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली हेच सांगितलं : नोकरीच्या करारात मुंबई लिहिलंय, तर मुंबईला जा. हे देशातल्या देशात झालं. म्युनिकच्या बाबतीत, सामान्य पगारदाराला तिकडे लढायला भाग पाडणं हा जुलूम आहे असं सांगून पुण्यात दाद मागता येते. मिळेलच याची खात्री कोणी वकील देणार नाही.

समजा, दावा म्युनिकमध्ये लागला आणि तुमच्याविरुद्ध हुकूमनामा झाला. तुमचा फ्लॅट वाकडला, बँकेतलं खातं बाणेरला. वसुली इथेच करावी लागणार. इथे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली दोन कलमं कामाला येतात. कलम 44 अ प्रमाणे भारत सरकारने अधिसूचित केलेल्या देशांच्या वरिष्ठ कोर्टांचा हुकूमनामा थेट जिल्हा न्यायालयात दाखल होतो आणि इथल्याच हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड, हाँगकाँग हे त्या यादीत आहेत. जानेवारी 2020 मध्ये संयुक्त अरब अमिरातीही आली. जर्मनी आणि अमेरिका नाहीत. त्यांच्या निकालाच्या आधारावर तीन वर्षांच्या आत इथे नवा दावा लावावा लागतो. दोन्ही वाटांवर कलम 13 ची चाळणी आहेच : परदेशी कोर्टाला अधिकार होता का, निकाल गुणवत्तेवर दिला का, नैसर्गिक न्याय पाळला का, लबाडी झाली का, भारतीय कायद्याचा भंग करणाऱ्या दाव्यावर तो उभा आहे का.

ही चाळणी वाटते तेवढी बारीक नाही, हे नाशिकच्या अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्सला कळलं. फ्रान्सच्या सेलेम कंपनीने तिच्यावर लंडनच्या हायकोर्टात पेटंटचा दावा लावला. अल्कॉन तिथे हजर झाली आणि म्हणाली, आमच्यावर तुमचा अधिकारच नाही. इंग्लिश कोर्टाने तो अर्ज फेटाळला आणि खर्चापोटी सुमारे बारा हजार पौंड भरायला सांगितले. मूळ दाव्याचा निकालही नव्हे, नुसत्या अर्जाचा खर्च. फ्रेंच कंपनी ती रक्कम वसूल करायला नाशिकच्या जिल्हा न्यायालयात आली. अल्कॉनने सगळे बचाव केले : हा हुकूमनामाच नाही, गुणवत्तेवरचा निकाल नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर 2016 मध्ये अल्कॉन हरली. खर्चाचा हुकूमसुद्धा 44 अ खाली वसूल होतो, असं ठरलं. दिल्लीपर्यंत इतकी वर्षं वकील लावून लढण्याचा खर्च त्या बारा हजार पौंडांच्या किती पुढे गेला असेल, हा विचार मनात येतोच.

मग परदेशी समन्सकडे दुर्लक्ष करावं का? तेही बिनधोक नाही. 2001 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पुरावा न तपासता, प्रतिवादी गैरहजर एवढ्याच कारणावर दिलेला इंग्लिश हुकूमनामा ‘गुणवत्तेवरचा’ नाही, म्हणून इथे चालणार नाही. पण गैरहजेरीतही परदेशी न्यायाधीशाने कागदपत्रं तपासून, कारणं लिहून निकाल दिला तर तो बचाव जातो. हजर होऊन लढलात तर अधिकार मान्य केला असं धरलं जाण्याचा धोका. नाही गेलात तर एकतर्फी निकालाचा. लवादाचं कलम असेल तर सुटकेच्या वाटा आणखी कमी. 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचे निवाडे कोर्टाच्या हुकूमनाम्यांपेक्षा कितीतरी सहज सीमा ओलांडतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हिंजवडी-वाकड-बाणेर पट्ट्यातून या सदराकडे येणारी जास्त पत्रं नोकरीची नसतात, संसाराची असतात. तिथे ‘आपण कायदा निवडू’ हे चालतच नाही. आणि या भागातला भारतीय कायदा घडवणारे दोन निकाल सर्वोच्च न्यायालयातल्या दोन मराठी न्यायमूर्तींनी लिहिले आहेत. पहिले यशवंतराव चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले, आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. जालंधरला लग्न करून अमेरिकेला गेलेला एक माणूस. शिकायला होता युटा राज्यात, आणि घटस्फोट घेतला नेवाडात, कारण तिथे सहा आठवडे राहिलं की अर्ज करता यायचा. जालंधरला पोटगी मागणाऱ्या बायकोपुढे त्याने तो हुकूमनामा ठेवला. चंद्रचूडांनी 1974 साली लिहिलं की तो लबाडीने मिळवलेला आहे आणि इथे मानला जाणार नाही. त्याच निकालात त्यांनी बजावलं की इंग्लंड-अमेरिकेचे नियम आपण डोळे मिटून उचलायचे नाहीत. भारतीय कोर्टापुढचा प्रश्न भारताच्या नियमांनीच सुटला पाहिजे.

दुसरे पी. बी. सावंत, निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेले. त्यांच्यापुढे 1991 साली आलेलं लग्न तिरुपतीचं होतं, घटस्फोट मिसुरीचा, आणि तिथलं वास्तव्य नव्वद दिवसांचं. घटस्फोटाचं कारण ‘संबंध सुधारण्यापलीकडे बिघडले’ असं, जे हिंदू विवाह कायद्यात कारण म्हणून नाही. सावंतांनी नियम घालून दिला : ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्यातलं कारण आणि त्यालाच मान्य असलेलं कोर्ट हवं. अपवाद मोजके. जोडीदार तिथेच कायम राहत असेल, किंवा स्वतःहून हजर होऊन खरोखर लढला असेल, पण कारण तेव्हाही आपल्याच कायद्यातलं हवं. किंवा त्याने संमती दिली असेल. माझ्या मते नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या जोडीदारांना इतकं संरक्षण दुसऱ्या कुठल्या निकालाने दिलेलं नाही.

मुलांच्या ताब्याबाबत मात्र कायदा हलत राहिला. मिशिगनच्या कोर्टाने आईकडे सोपवलेल्या मुलाला वडिलांनी परस्पर पुण्याला आजी-आजोबांकडे आणलं, तेव्हा 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आईबरोबर परत पाठवलं आणि वडिलांच्या कृत्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. 2017 पर्यंत भूमिका बदलली : परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक, निर्णय मुलाच्या हितावर. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे आपोआप परत पाठवण्याची सक्ती नाही. आयांना याचा आधार वाटतो, आणि परदेशात एकटे राहिलेले बाप यानेच हतबल होतात. दोघांचीही पत्रं मी वाचतो.

आणि हा प्रश्न समजायला परदेशात जायचीही गरज नाही. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता वारसाहक्कासाठी चालत आली. गोवेकराने मुंबईत घेतलेल्या घराची वाटणी कोणत्या कायद्याने करायची, हा वाद सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला. संहिता पोर्तुगीज असली तरी संसदेने चालू ठेवल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे. गोव्याचा रहिवासी असेल तर भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला तीच लागू, असं न्यायालयाने तेव्हा ठरवलं.

तर, वाचकहो, तुमच्यापुरतं : स्पर्धाबंदीच्या कलमाला घाबरून चांगली ऑफर सोडू नका. पण कंपनीचा सोर्स कोड, ग्राहकांच्या याद्या, पेनड्राइव्ह यांतलं काहीही बरोबर नेऊ नका. गोपनीयतेचं कलम दोन्ही देशांत चालतं, आणि त्यावर मनाई हुकूम मिळतो. करारात म्युनिकच्या कोर्टाचं किंवा लवादाचं कलम आहे का ते आजच बघा. आणि जर्मनीतून कोर्टाचा कागद आलाच, तर तो ईमेलच्या ढिगात ठेवू नका. उत्तराची मुदत संपायच्या आत पुण्यातल्या वकिलाला दाखवा.